फियास्को म्हणजे खरंच बाटली का? आणि मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा होता की "कार्यक्रमाचा पार फियास्को झाला" असं आपण सर्रास बोलतो, पण इटालियनमध्ये फियास्को म्हणजे म्हणे बाटली, हे खरं का, आणि मराठीत त्याला "अपयश" म्हटलं तर चालेल का.

बाटली हे खरंय. गोल बुडाची, खाली गवताचं वेष्टण असलेली इटालियन वाइनची बाटली फोटोत पाहिली असेल, तोच फियास्को. इंग्रजीतला फ्लास्क, म्हणजे आपल्याकडे चहा भरतात तो, याच कुळातला. इटालियन नाटकवाले "फारे फियास्को" म्हणायचे, शब्दशः बाटली करणे, अर्थ प्रयोग साफ आपटणे. आता बाटलीचाच संबंध का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. व्हेनिसचे काच फुंकणारे कारागीर बिघडलेल्या कामाची साधी बाटली करून टाकायचे ही गोष्ट खूप फिरते, पण तिला पुरावा नाही, त्यामुळे ती व्युत्पत्ती म्हणून पुढे पाठवू नका प्लीज. तिथून शब्द फ्रेंचमध्ये गेला, मग इंग्रजीत, आणि इंग्रजीतून आपल्याकडे.

म्हणजे शब्द मुळात रंगभूमीचा आहे, आणि माझ्या मते त्याचा खरा अर्थ कळायला एकच रात्र पुरेशी आहे. २० फेब्रुवारी १८१६, रोमचं तेआत्रो आर्जेंतिना, २३ वर्षांच्या इटालियन संगीतकार रोसिनीच्या "सेव्हिलचा न्हावी" या विनोदी ऑपेराचा पहिला प्रयोग. याच कथेवर पाइसिएल्लो या जुन्या संगीतकाराचा ऑपेरा १७८२ पासून गाजत होता, म्हणून रोसिनीने मान राखत नाव बदलून नायकाच्या नावावरून "अल्माविवा" ठेवलं होतं, तरी जुन्याचे चाहते चिडलेलेच. त्यात थिएटर चालवणारा ड्यूक चारच दिवस आधी वारलेला. प्रयोगात काय काय झालं ते रोझिना, म्हणजे नायिका झालेल्या गायिकेनेच, जेल्त्रूदे रिगेत्ती-जॉर्जीने, पुढे लिहून ठेवलंय. नायक खिडकीखाली गिटार लावायला गेला तर तार तुटली, बाझीलिओ या पात्राचं काम करणारा येता येता पडला आणि नाकातून रक्त पुसत पुसत गायला, पहिल्या अंकाच्या शेवटी स्टेजवर चक्क मांजर आलं आणि लोकांनी म्याँव म्याँव करून तिला हाकललं की बोलावलं कोण जाणे, शिट्ट्या आणि आरडाओरड्यात दुसरा अंक धड ऐकूच आला नाही. याला म्हणतात फियास्को!

आणि दुसऱ्या दिवशी? रोसिनी थिएटरकडे फिरकलाच नाही, आणि तोच ऑपेरा, तेच गायक, लोकांनी डोक्यावर घेतला. त्याच वर्षी बोलोन्यात त्याला आजचं नाव मिळालं, १८१८ ला लंडन, १८१९ ला पॅरिस, १८२५ ला मूळ इटालियनमध्ये न्यूयॉर्क, आणि तिथे पहिल्या रात्रीचाच नायक मानुएल गार्सिया आपली मंडळी घेऊन गेला होता, त्याची मुलगी मारिया रोझिना झाली होती. तेव्हापासून हा ऑपेरा रंगभूमीवरून कधी उतरलाच नाही. गंमत म्हणजे ज्या फ्रेंच नाटकावरून तो घेतला, बोमार्शेचं, तेही १७७५ मध्ये पहिल्या प्रयोगाला आपटलं होतं, मग त्याने पाच अंकांचे चार केले आणि ते चाललं.

म्हणून "अपयश" मला पटत नाही. अपयश एकट्याने, बंद खोलीतही येतं. फियास्कोला बघणारे लागतात. आपल्याकडे याला जवळचा शब्द आहे फजिती, मूळ अरबी, त्यात चारचौघांत उघडं पडण्याचाच अर्थ आहे. नाहीतर सरळ "फज्जा उडाला". "बोजवारा" किंवा "बट्ट्याबोळ" कारभाराला ठीक, पण त्यात प्रेक्षक नाहीत.

अजून एक, "नाटक पडलं" हा भाषांतर करताना हटकून वापरला जाणारा पर्याय. इथे मात्र सांभाळा. मराठीत नाटक वेगळं आणि प्रयोग वेगळा, नाट्यवेडे लोक हा फरक काटेकोर पाळतात. नाटक पडलं म्हणजे ते पुढे चाललं नाही. रोसिनीचा त्या रात्रीचा प्रयोग पडला, ऑपेरा पडला नाही. तेव्हा "पहिल्याच प्रयोगाचा फज्जा उडाला" असं लिहा, आणि बोलताना फियास्को आलाच तोंडात तर येऊ द्या, आपण तो बरोबर अर्थानेच वापरतो.