‘भविष्यवाणी’ की ‘अनुमान’? मादागास्करच्या पतंगाची गोष्ट

प्रश्न असा: मादागास्करमधल्या लांब सोंडेच्या हॉक मॉथबद्दल ‘डार्विनने या पतंगाची भविष्यवाणी केली होती’ असं वाक्य वाचलं आणि ते खटकलं. शब्द बरोबर आहे का?

तुम्हाला खटकलं ते योग्यच आहे. भविष्यवाणी पुढे घडणाऱ्या गोष्टीची असते, आणि हा पतंग तर तेव्हाही मादागास्करच्या रानात उडत होता, फक्त कोणा अभ्यासकाच्या हाती लागला नव्हता. 1862 साली डार्विनसमोर होतं ते फूल, अँग्रेकम सेस्क्विपेडाले नावाचं पांढरं ऑर्किड. त्याच्यामागे साडेअकरा इंचांची हिरवी नळी लोंबते आणि मध असतो तो अगदी तळाशी, जेमतेम दीड इंच. तो पिणारं कोणीतरी असणारच, आणि त्याची सोंड दहा-अकरा इंच लांब होत असणार, असं डार्विनने लिहिलं. दिसणाऱ्यावरून न दिसणारं ओळखायचं, धुरावरून अग्नी ओळखावा तसं. आपल्याकडे न्यायशास्त्रापासून (कायद्याचं नव्हे, जुनं भारतीय तर्कशास्त्र) याला नेमका शब्द आहे: अनुमान. ‘अंदाज’ इथे फार सैल पडतो.

डार्विनचा समकालीन निसर्गअभ्यासक वॉलेस याने 1867 मध्ये नेपच्यूनचा दाखला दिला: खगोलशास्त्रज्ञांनी ज्या खात्रीने तो ग्रह शोधला, त्याच खात्रीने हा पतंग शोधावा. नेपच्यूनही सापडण्याआधीपासून होताच की!

मग ‘भाकीत’ चालेल का? चालेल, पण जपून. ‘असा पतंग सापडेल’ हे भाकीत, ‘असा पतंग आहे’ हे अनुमान. म्हणून मी लिहीन: ‘डार्विनने अनुमान काढलं आणि ते खरं ठरलं.’

रॉथशिल्ड आणि जॉर्डन या कीटक-अभ्यासकांनी 1903 मध्ये या पतंगाला नाव दिलं ‘प्रेडिक्टा’. लॅटिनमध्ये ‘प्रे’ म्हणजे आधी आणि ‘डिक्टा’ म्हणजे सांगितलेली. शब्दशः जुळणारा शब्द ‘पूर्वोक्त’. फोड अगदी तीच, पण मराठीत तो ‘वर उल्लेखिलेला’ या अर्थी रुळलाय, त्यामुळे वाचक फसेल. त्यापेक्षा सरळ ‘आधीच सांगितलेला’ म्हणावं, मला तेच आवडतं. (तेव्हा तो एक उपजात मानला गेला होता; 2021 मध्ये त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला, नाव मात्र तेच राहिलं.)

आणि तुम्ही प्रश्नात ‘सोंड’ लिहिलंत, याचा फार आनंद झाला. भाषांतरांत सर्रास ‘जीभ’ दिसते. पण ही पोकळ नळी आहे, एरवी डोक्याखाली वेटोळं करून ठेवलेली. तिला सोंडच म्हणायला हवं.