हॅम रेडिओचा परवाना चाळिशीनंतर काढता येतो का? आणि मोबाईल असताना हा छंद आयुष्यभर पुरतो का?

तुम्ही विचारलंय की खानापुरात राहता, वय 44, शिक्षण कॉमर्सचं, लहानपणापासून रेडिओची ओढ आहे. आता हॅमचा, म्हणजे स्वतःच्या सेटवरून हौसेनं जगभर बोलायचा, परवाना मिळेल का, आणि मिळाला तर पुढं त्याचं करायचं काय?

मिळेल. माझं बेळगावात उद्यमबागेत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. दहावी मराठी माध्यमातून, पुढं आयटीआय. 2012 साली परवाना हातात आला तेव्हा मी 39 वर्षांचा होतो. वयाची अट आहे ती खालची, 12 वर्षं पूर्ण पाहिजेत. डिग्री कुणी विचारत नाही.

पण अर्जाच्या आधी दोन-तीन महिने नुसतं ऐका. घरातल्या साध्या ट्रान्झिस्टरवर हे जमणार नाही. हॅम लोक सिंगल साइडबँड (एसएसबी) या पद्धतीनं बोलतात आणि तो आवाज साध्या रेडिओवर बदक ओरडल्यासारखा येतो. एसएसबीची सोय असलेला शॉर्टवेव्ह रिसीव्हर घ्या, नाहीतर कॉम्प्युटरला लावायचा एसडीआर डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरलाच रेडिओ करणारा छोटा तुकडा, घ्या. तेही नको असेल तर नेदरलँड्समधल्या ट्वेन्टे विद्यापीठात ठेवलेला रिसीव्हर इंटरनेटवर सगळ्यांना मोफत खुला आहे. ऐकायची सवय लावायला तो पुरेसा आहे. स्वतःच्या रिसीव्हरवर सकाळी लवकर 7000 ते 7200 किलोहर्ट्झ हळूहळू फिरवत जा. कोण कुठून बोलतो, क्यूआरएम म्हणजे दुसऱ्या सेटचा अडथळा, शेवटी सगळे ‘सेव्हंटी थ्री’ म्हणतात ते शुभेच्छा म्हणून, हे कानावर पडत राहतं. परीक्षेतला अर्धा भाग असाच येऊन जातो.

परीक्षा केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी शाखा घेते, अर्ज ‘सरल संचार’ पोर्टलवर भरायचा. दोन ग्रेड आहेत, खालची रिस्ट्रिक्टेड आणि वरची जनरल. रिस्ट्रिक्टेडला रेडिओचं तंत्र आणि नियम यांचा लेखी पेपर असतो. ओहमचा नियम, रेझोनन्स, मॉड्युलेशन, अँटेना, लहरी कशा प्रवास करतात, क्यू-कोड (क्यूआरएमसारखी ठरलेली तीन अक्षरी लघुरूपं), एवढा अभ्यास. जनरलसाठी मी बसलो तेव्हा मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची भाषाही होती, मिनिटाला 8 शब्द. तुम्ही रिस्ट्रिक्टेडपासून सुरुवात करा. पेपर इंग्रजीत होता म्हणून मी घाबरलो होतो, पण प्रश्नांतले शब्द ठरलेलेच असतात. रोज रात्री दुकान बंद केल्यावर एक तास, असे चार महिने अभ्यास केला आणि राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर बसून बेंगळुरूला जाऊन पेपर दिला. पास झाल्यावर परवान्याचा कागद यायला मात्र साडेआठ महिने गेले. तेवढा धीर धरा. मी फी भरली तेव्हा 20 वर्षांच्या परवान्याला 1000 रुपये आणि आजन्म परवान्याला 2000 होते. अर्ज करताना आजचे आकडे आणि नियम पोर्टलवर बघून घ्या.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. परवान्याच्या आधी ऑनलाइन मिळणारा वॉकीटॉकी घेऊन बोलायला जाऊ नका. तो गुन्हा आहे, आणि जी वारंवारता तुम्हाला मोकळी वाटते तिच्यावर दुसऱ्या कुणाचं महत्त्वाचं काम चाललेलं असू शकतं.

परवान्याबरोबर कॉलसाइन, म्हणजे हवेतलं तुमचं नाव, मिळतं. रिस्ट्रिक्टेडवाल्याचं व्हीयू-3 नं सुरू होतं, जनरलचं व्हीयू-2 नं. राजीव गांधींचं व्हीयू-2-आरजी होतं. हे नाव तुमचं एकट्याचं, जगात दुसऱ्या कुणाचं नाही.

आता अँटेना. नवीन माणूस सगळे पैसे सेटवर घालतो आणि तार कशीतरी बांधतो. उलट करा. 40 मीटर बँडचा, म्हणजे वर सांगितलेल्या 7000 ते 7200 किलोहर्ट्झचा, डायपोल म्हणजे साध्या दोन तारा. 143 ला मेगाहर्ट्झनं भागा, एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. 7.1 ला 20.14 मीटर, म्हणजे मधून दोन्हीकडं जेमतेम 10-10 मीटर. मी दुकानातली 18 गेजची वाइंडिंगची तार घेतली, टोकाचं इनॅमल खरवडून सेटकडं जाणाऱ्या को-ॲक्स केबलला डाग दिला, इन्सुलेटर म्हणून पीव्हीसी पाइपचे तुकडे लावले आणि गच्चीवरच्या टाकीपासून शेजारच्या नारळाला बांधली. पहिल्या दिवशी एसडब्ल्यूआर, म्हणजे सेट आणि अँटेना किती जुळतात त्याचं माप, उत्तम. दोन महिन्यांनी बघतो तर रेझोनन्स, म्हणजे तार जिथं जुळते ती वारंवारता, खाली सरकलेला. तार मोजली तर दोन्ही बाजू चार-चार बोटं लांब! वाइंडिंगचं तांबं मऊ, सतत ताण बसला की लांबतं. आयुष्यभर मी तीच तार हाताळतोय, पण हे मला अँटेनानं शिकवलं. तुम्ही कडक तांब्याची तार घ्या, आणि मापापेक्षा वीतभर जास्तच ठेवा. कापता येतं, जोडणं किचकट असतं.

पहिला कॉल द्यायच्या आधी तीन दिवस नुसता माइक हातात धरून बसलो होतो. चौथ्या दिवशी पहाटे ‘सीक्यू’, म्हणजे कुणीतरी उत्तर द्या, म्हटलं आणि मदुराईकडच्या एका म्हाताऱ्या आवाजानं माझं कॉलसाइन सावकाश, एकेक अक्षर सुटं करून परत म्हटलं. ‘यू आर फाईव्ह नाईन, वेलकम.’ फाईव्ह नाईन म्हणजे सिग्नल एकदम स्वच्छ आणि जोरदार. हात थरथरत होता, वहीत वेळ लिहायची राहून गेली. ते पान अजून तसंच आहे.

बेळगावातली माझी अडचण म्हणजे गोंगाट. आजूबाजूला कारखाने, इन्व्हर्टर, स्वस्त एलईडी दिवे, प्रत्येकाचा खरखराट बँडवर येतो. एका संध्याकाळी लाईट गेली. माझा सेट 12 व्होल्टच्या बॅटरीवर, तो चालूच राहिला. सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मीटरचा काटा एस-7 वरून एकदम खाली आला आणि जिथं काहीच नव्हतं तिथं माणसं बोलायला लागली. एक श्रीलंकेतला, एक ओमानमधला, आणि साताऱ्याकडचा एक जण मराठीत कांद्याच्या भिजलेल्या रोपांबद्दल सांगत होता. तेव्हापासून गल्लीत लाईट गेली की मी आधी सेटकडं जातो. हवेत राजकारण आणि धंद्याची बोलणी नियमानंच बंद आहेत. आपल्या सीमाभागात जन्म काढलेल्या माणसाला ही सवलत फार मोठी वाटते. निपाणीचा, धारवाडचा, कोल्हापूरचा माणूस तुम्हाला फक्त सिग्नल कसा येतोय ते विचारतो.

आता मोबाईलचं. मोबाईल टॉवरवर उभा आहे, हा सेट बॅटरी आणि तारेवर. 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद हॅमच्याच मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होत्या. फोन बंद पडले आणि त्यांच्या सेटवरून निरोप मुख्य भूमीवर पोचू लागले. आपल्याकडं ऑगस्ट 2019 च्या पुरात कोल्हापूरकडचा हमरस्ता कित्येक दिवस बंद होता, ते तुम्हालाही आठवत असेल. पण खरं सांगायचं तर रोज सेट लावतो तो आपत्तीसाठी नाही.

मी लावतो आभाळासाठी. लघुलहरी वातावरणातल्या आयनोस्फिअर या वरच्या थरावरून परततात आणि तो थर सूर्यावर अवलंबून असतो. सूर्यावरचे डाग साधारण 11 वर्षांत वाढतात आणि ओसरतात. 2014 च्या सुमाराला मला 28 मेगाहर्ट्झवर युरोप सहज मिळायचा. 2019 मध्ये तोच बँड दिवसच्या दिवस मुका. वाटलं, सेट बिघडला. 2024 ला परत उसळी आली, आणि 50 वॅटच्या आत, त्याच तारेच्या जातभाईवर ब्राझीलचा माणूस मला ‘फाईव्ह नाईन’ देत होता. रोजची वेळ, ऋतू, सूर्य, तिन्ही बदलत राहतात, म्हणून कालचा बँड आज नसतो. तुम्ही 44 चे आहात, अशी तीन चक्रं तुम्हाला सहज बघायला मिळतील.

बाकीच्या वाटा पुढं आपोआप सापडतात. कुणी हैदराबादच्या अश्हर फरहान यांच्या बिटएक्स या सेटच्या आराखड्यावरून स्वतः सेट बांधतो, कुणी मोर्समध्येच रमतो. माझी भाची पोलादी मेजर टेपचा अँटेना करून 145.800 मेगाहर्ट्झवर अंतराळ स्थानक ऐकते. डोक्यावरून जाताना फार तर दहा मिनिटं मिळतात, तेवढ्यासाठी ती राजहंसगडावर चढते.

खानापुरात तुमच्याकडं माझ्याकडं नाही ते आहे, शांतता आणि उंच झाडं. डायपोल मृगाच्या आधी बांधून घ्या, पावसात झाडावर चढायला लागू नये. आणि वळवाच्या दिवसांत सेट बंद केलात की विजेच्या धोक्यापायी अँटेनाची केबल काढून खिडकीबाहेर ठेवायची, रोज, न विसरता.