चेकोस्लोव्हाकियाची फाळणी लोकांना विचारून झाली होती का? आणि रक्तपात कसा टळला?

लोकांना कुणी विचारलंच नाही. सार्वमत घ्या म्हणून राष्ट्राध्यक्ष वात्स्लाव हावेल यांनी जंग जंग पछाडलं, पण संसदेने दाद दिली नाही. त्या वेळच्या चाचण्यांत फाळणी हवी म्हणणारे चेक आणि स्लोव्हाक अशा दोन्ही भागांत अल्पमतातच होते.

जून 1992 च्या निवडणुकीत चेक भागात वात्स्लाव क्लाउस आणि स्लोव्हाकियात व्लादिमीर मेचियार यांचे पक्ष पहिले आले. क्लाउसना खासगीकरण झपाट्याने उरकायचं होतं. स्लोव्हाकियात रणगाड्यांच्या कारखान्यांचं काम आटत चाललं होतं, बेरोजगारी चेक भागापेक्षा कितीतरी जास्त. तिथे हा वेग परवडणारा नव्हता. मेचियारना सैलसर संघ हवा होता. माझ्या मते ते भाव वाढवून घेण्यासाठी ताणून धरत होते आणि क्लाउसनी सरळ दोरीच सोडून दिली.

खरी मेख राज्यघटनेत होती. संसदेच्या वरच्या सभागृहात 75 चेक आणि 75 स्लोव्हाक. घटनात्मक कायद्याला दोन्ही गटांत वेगवेगळं तीन पंचमांश मत लागे. म्हणजे एका गटातले 31 जण अडून बसले की विषय संपला! कम्युनिस्ट राजवटीत सगळेच माना डोलवत, तेव्हा ही तरतूद कुणाला बोचली नाही. लोकशाही आली आणि ती बोचू लागली. 3 जुलैला खुद्द हावेल यांची फेरनिवड स्लोव्हाक सदस्यांनी रोखली. ऑगस्टअखेर ब्र्नो शहरातल्या टुगेनधाट बंगल्यात क्लाउस-मेचियार यांची बोलणी होऊन मुहूर्त ठरला, 1 जानेवारी 1993. संसदेने 25 नोव्हेंबरला जेमतेम काठावरच्या मतांनी मान्यता दिली.

रक्तपात टळला तो नेत्यांच्या शहाणपणापेक्षा नकाशामुळे. त्याच सुमारास युगोस्लाव्हिया फुटला तो रक्तपातात, कारण तिथल्या क्रोएशिया, बोस्नियात सर्ब मोठ्या संख्येने राहत होते. इथे तशी सरमिसळ नव्हती आणि सीमाही जुनीच, ठरलेली. शिवाय 1969 पासून दोन्हीकडे आपापलं सरकार होतंच. स्थावर मालमत्ता जिथे असेल त्याची, बाकीची बहुतांशी लोकसंख्येनुसार 2:1.

चलन मात्र काही काळ एकच ठेवायचं ठरलं होतं. ते 8 फेब्रुवारीलाच वेगळं झालं. पुरेशा नव्या नोटा छापून झाल्या नव्हत्या, म्हणून जुन्याच नोटांवर छोटी तिकिटं चिकटवून व्यवहार चालवले. आणि संघराज्याची चिन्हं पुढे कुणीच वापरायची नाहीत असा कायदा असूनही चेकांनी जुना झेंडा खुशाल ठेवून घेतला. आजही तोच आहे.