पहिला तंबू कुठे ठोकावा

गोव्यात एक रात्र तंबूत राहून मन शांत करायला जायचंय ना? मग पहिल्याच खेपेला म्हादईच्या जंगलात मुक्कामाचा बेत सोड. ते अभयारण्य आहे, तिथे परवानगीशिवाय रात्र काढता येत नाही. किनाऱ्यावर चूल पेटवलीस तर दंड होईल, कारण पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला आणि दारू प्यायला २०१९ पासून कायद्याने बंदी आहे. काणकोण किंवा सांग्याकडे एखाद्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) तंबूची सोय होते का बघ. मालक हाकेच्या अंतरावर असावा, पाणी आणि शौचालय असावं. रात्रभर दचकत राहिलास तर झोप लागणार नाही, आणि तुला खरी गरज झोपेचीच आहे.

डिसेंबर-जानेवारी बरा. म्हादईच्या बाजूच्या सत्तरी तालुक्यात मात्र याच दिवसांत माकडतापाची भीती सुरू होते. तो गोचिडींच्या चाव्यातून होतो. म्हणून पँट मोज्यात खोच, पालापाचोळ्यावर बसू नकोस, संध्याकाळी अंग नीट तपास. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळव.

एकच रात्र ठेव. सोबतीला कमी बोलणारा मित्र घे (असा एखादा प्रत्येकाकडे असतोच). जेवणाचा घाट घालू नकोस, पोई (गोव्याचा पाव), उकडलेली अंडी आणि केळी पुरे. डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतील तर त्या वेळेवर घे, निसर्गात गेलो म्हणून थांबवायच्या नाहीत. दारू नेऊच नकोस. फोन बंद ठेव, पण घरी ठिकाण सांगून जा. रेंज असलेलीच जागा निवड. रात्री जीव फार घाबरला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो.