विघटन नव्हे, विकृती

मालवणहून एका वाचकांनी विचारलंय: सुरमईच्या तुकड्यांना लिंबू चोळून ठेवलं की 'प्रथिनांचं विघटन होतं' असं पाककृती सांगणारे म्हणतात, हा शब्द बरोबर का?

साफ चूक, आणि हल्ली रोज कानावर पडणारी. विघटन म्हणजे घटक सुटे होणं. प्रथिनाचे घटक म्हणजे एकापुढे एक ओवलेली अमिनो आम्लं. हा क्रम ती प्राथमिक रचना. साखळीला जागोजागी पीळ पडतात, पट्ट्या होतात, ती द्वितीयक. सगळी मिळून घडी बसते ती तृतीयक. अशा साखळ्या एकत्र आल्या की चतुर्थक. हिमोग्लोबिनात चार असतात. त्यातल्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं, तर तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. लिंबाने मात्र क्रमाला धक्का लागत नाही, घडी तेवढी मोडते. अर्धपारदर्शक तुकडी कडेने पांढरी, घट्ट होते ती उलगडलेल्या साखळ्या एकमेकींत गुंतल्यामुळे.

याला शब्द आहे विकृतीकरण. परिभाषेतल्या काही मंडळींना तो खुपतो, कारण 'विकृत' म्हटलं की त्यांना गुन्हेवार्ताच आठवतात. अहो, वर्तमानपत्राच्या पलीकडे जरा सांख्य दर्शनाच्या तत्त्वज्ञांकडे जा! तिथे प्रकृती म्हणजे मूळ, आणि विकृती म्हणजे त्या मुळाचंच बदललेलं रूप. निंदेचा लवलेश नाही. शिवाय परिणामवादाचा, म्हणजे कारणच रूप बदलून कार्य होतं या त्यांच्या मताचा, ठरलेला दाखला कोणता, तर दुधाचं दही! म्हणजे पुन्हा प्रथिनच: आंबटपणाने केसीनचे कण एकमेकांना चिकटतात, साखळ्या तशाच राहतात. माझ्या मते 'डीनेचरेशन' या इंग्रजी शब्दाहून आपला सरस आहे. तिकडे नुसता 'स्वभाव गेला', इकडे 'द्रव्य तेच' हेही आलं. शब्द घडवणाऱ्याच्या मनात दही होतंच, असं मी तरी धरून चालतो. पुरावा मागू नये.

अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ ख्रिश्चन अ‍ॅन्फिन्सेन यांनी रायबोन्यूक्लिएज या विकराची (एन्झाइमची, तेही प्रथिनच) घडी रसायनांनी मोडली, त्याचं काम थांबलं. रसायनं काढून टाकल्यावर घडी आपोआप बसली, काम पुन्हा सुरू. या संशोधनाला १९७२ चं नोबेल मिळालं. विघटन झालेलं प्रथिन असं आपसूक परतत नाही.

खरं विघटन सुरू होतं ते जठरात. तिथे पेप्सिन हे पाचक विकर साखळीच तोडतं, आणि घडी आधीच मोडलेली असली तर ते काम त्याला सोपं जातं.