शिवार 48, बेळगाव 37?

प्रश्न : एप्रिलात उपग्रहाच्या नकाशावर आमचं येळ्ळूरचं शिवार 48 अंश दिसत होतं, बातम्यांत बेळगाव 37. खरं कुठलं?
– एक शेतकरी, येळ्ळूर

उत्तर : दोन्ही खरी, काका. वेधशाळा सावलीतली हवा मोजते, उपग्रह नांगरलेली ढेकळं. भर दुपारी अनवाणी शेतात उतरा, लगेच पटेल! उपग्रह जमिनीतून निघणारी उष्णता वरून टिपतो, पण हवेतली वाफ त्यातली काही वाटेतच शोषते. म्हणून झेंगमिंग वान आणि जेफ डोझियर या शास्त्रज्ञांनी 1996 मध्ये समुद्राचं तापमान मोजायची जुनी रीत जमिनीसाठी बसवली: 11 आणि 12 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपासचे उष्णता-किरणांचे दोन पट्टे मोजायचे, फरकावरून वाफेचा हिशेब लावायचा. चकचकीत पत्रा मात्र फसवतो. तो उष्णता कमी सोडतो, त्यामुळे असतो त्याहून गार दिसतो. आणि पावसाळ्यात? ढगांपलीकडचं उपग्रहाच्या या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याला दिसतच नाही.