गोळ्या सोडून आर्ट थेरपी चालेल का?

गोळ्या बंद करू नका, हे आधी. बाकीचं सावकाश बोलू.

तुम्ही लिहिलंय की धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, औषधांनी कानातले आवाज थांबले, पण दिवसभर पडून असतो, कुणाशी बोलत नाही. आणि दादरच्या एका बाईंनी ‘सहा महिने चित्रं काढू द्या, गोळ्या सुटतील’ असं सांगितलंय. मी परळला ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रुग्णाला रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारे) म्हणून बरीच वर्षं काम केलंय. इतक्या छातीठोकपणे सांगणाऱ्यांपासून चार हात लांब राहिलेलं बरं.

पण आर्ट थेरपीचा, म्हणजे चित्र-रंगांच्या आधाराने केलेल्या उपचाराचा, झालाच उपयोग, तर तो भावाच्या याच तक्रारीत होण्याची शक्यता आहे. भास, संशय यांना औषधच लागतं. न बोलणं, कशात मन नसणं, आंघोळीचाही कंटाळा, हे मात्र गोळ्यांनी फारसं हलत नाही. (घरचे याला आळस म्हणतात. तोही आजाराचाच भाग.) ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेची उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं याच लक्षणांसाठी कला-उपचारांचा विचार करायला सांगतात. मात्र तिथेच ४१७ रुग्णांची एक चाचणी झाली, ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. आठवड्यातून एकदा गटात आर्ट थेरपी मिळालेले आणि फक्त नेहमीच्या उपचारांवर असलेले, यांच्यात दोन वर्षांनी फरक दिसला नाही. बरेच जण गटाला फिरकतच नव्हते, हेही त्यातच नोंदवलंय.

आमच्या गटात एक बाई यायच्या. पुढ्यात कागद आणि ऑइल पेस्टलचा डबा, हात मांडीवर. एकदा हिरवा खडू इतका दाबून घासला की मोडला. घाबरून म्हणाल्या, “भरून द्यावा लागेल का?” गटात आपणहून बोललेलं त्यांचं ते पहिलं वाक्य. आर्ट थेरपिस्टने चित्राचा अर्थ विचारला नाही की ‘छान’ म्हटलं नाही. “तो दुसरा तुकडा शेजारच्या काकांना देता का?” एवढंच. त्यांनी दिला. बाहेर बसलेल्या नवऱ्याने कागद उलटसुलट करून पाहिला, त्याला त्यात हिरव्या फराट्यांशिवाय काही दिसलं नाही.

त्यामुळे शिकवणाऱ्याचा चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेतला ए ग्रेड इथे कामाचा नाही. दादरच्या त्या बाईंना विचारा: मानसिक आजाराच्या रुग्णांसोबत काम करायचं प्रशिक्षण कुठे घेतलं? भावाच्या डॉक्टरांशी बोलाल का? मध्येच त्याचे भास वाढले तर काय कराल? उत्तर देताना चिडल्या तर विषय संपला. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार आणि ऑक्युपेशनल थेरपी दोन्ही विभाग आहेत; रुग्णांचे गट चालतात का, तिथे चौकशी करा. रात्री-अपरात्री अडचण आली तर १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो.

पुढच्या ओपीडीला डॉक्टरांना स्पष्ट सांगा की तो दिवसभर झोपतो. सुस्ती डोसामुळेही येते. डोस किंवा गोळी बदलायची झाली तर ते बदलतील, आपण नाही.

आणि गट मिळाला तर शक्यतो घराजवळचा बघा, दुपारचा. सकाळच्या लोकलमध्ये कोंबून न्यायचं म्हटलं तर चार-दोन वेळा येईल, मग पांघरूण ओढून घेईल.